कुंडलीतील आकडे आधी ओळखा

महाराष्ट्रात रूढ असलेल्या चौकटीच्या कुंडलीत घरांमध्ये लिहिलेले आकडे स्थानांचे नसून राशींचे असतात, आणि नवशिक्याची पहिली गफलत बहुधा इथेच होते. वरचे मधले घर हे नेहमी प्रथम स्थान, म्हणजे लग्नस्थान; जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, म्हणजे लग्नरास, तिथे येते. तेथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने, बारा स्थाने मोजावीत. वरच्या घरात ४ असेल तर कर्क लग्न व लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी ग्रह, चंद्र. बरोबर समोर, खालच्या मधल्या सप्तम स्थानात १०, म्हणजे मकर रास, आणि सप्तमेश शनी. फलिताकडे वळण्याची घाई न करता, घरातल्यांच्या पत्रिका घेऊन लग्नेश कोणत्या स्थानी बसला आहे एवढेच शोधण्याचा सराव काही दिवस करावा, असे मला मनापासून वाटते. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून जन्मवेळ मात्र आधी पडताळून घ्यावी.