आपली नजर घडवणारे चित्रपट कसे शोधावेत

आवडत्या चित्रपटांची यादी करायला पाच मिनिटे पुरतात. आयुष्याकडे पाहण्याची आपली नजर कोणत्या चित्रपटांनी घडवली हे शोधायला मात्र काही दिवस द्यावे लागतात, कारण या दोन याद्या क्वचितच जुळतात. जो चित्रपट आपण दहा वेळा पाहिला त्याने भरभरून आनंद दिला असेल, पण आपल्या वागण्यात तसूभरही फरक पडला नसेल. उलट परक्या भाषेत एकदाच पाहिलेला एखादा चित्रपट वर्षानुवर्षे आपल्या निर्णयांत डोकावत राहतो.

म्हणून सुरुवात चित्रपटांच्या नावांपासून न करता स्वतःच्या वागण्यापासून करावी. आपण खरोखर पाळतो अशा चार-पाच गोष्टी वहीत लिहाव्यात: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणाला दोष देत नाही, काम घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या टेबलाकडे पिटाळत नाही, मुलांसमोर चूक कबूल करायला लाजत नाही. मग प्रत्येक गोष्टीसमोर ती कुठून आली ते लिहावे. बहुतेक ठिकाणी आई, वडील, एखादे शिक्षक किंवा एखादे आजारपण असेच उत्तर येईल आणि ते तसेच राहू द्यावे. ज्या एक-दोन ओळींसमोर पडद्यावरचा एखादा चेहरा आपोआप उभा राहतो, तेवढेच चित्रपट पुढच्या कामासाठी घ्यावेत.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे: भारावून जाणे आणि बदलणे यांतला फरक ओळखणे. हा फरक मला अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’ या जपानी चित्रपटाने शिकवला. तीस वर्षे कागदांवर शिक्के मारण्यात घालवलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते आणि उरलेल्या महिन्यांत तो, वस्तीतल्या बायकांनी अर्ज करूनही प्रत्येक खात्याने टोलवलेले, मुलांसाठी मैदान बांधण्याचे काम पूर्ण करतो. बर्फ पडत असताना त्या मैदानातल्या झोपाळ्यावर बसून गाणारा तो म्हातारा सर्वांच्या लक्षात राहतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याच्या मृत्यूनंतरचा भाग. शोकासाठी जमलेले सहकारी दारूच्या भरात, रडत रडत, यापुढे आपणही असेच काम करू अशी शपथ घेतात. पुढे कार्यालयात नागरिक तक्रार घेऊन येतात तेव्हा त्यांना पुन्हा दुसऱ्या खात्याकडे पाठवले जाते. एक जण रागाने उठून उभा राहतो, सगळे त्याच्याकडे पाहतात आणि तो हळूहळू खाली बसून कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो. आपल्या यादीतल्या प्रत्येक चित्रपटाला हीच कसोटी लावावी: तो पाहिल्यावर मी उठून उभा राहिलो, पण पुन्हा खाली बसलो का? चित्रपटानंतरच्या वर्षभरात वेगळे वागल्याचा एकही प्रसंग आठवत नसेल, तर तो चित्रपट आवडत्यांच्या यादीत सन्मानाने परत पाठवावा.

उरलेले चित्रपट पुन्हा पाहावेत, परंतु पाहण्याआधी तो निर्णायक प्रसंग आठवतो तसा लिहून काढावा. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या शेवटाविषयी मी लिहिले होते की, सायकल चोरताना पकडला गेलेला आणि मग सोडून दिलेला बाप मुलाचा हात धरून गर्दीत चालू लागतो. पुन्हा पाहिले तेव्हा दिसले की, हात मुलगा धरतो. बाप मान खाली घालून रडत चालला आहे आणि त्याची मानहानी डोळ्यांनी पाहिलेला तो लहानगा आपला हात त्याच्या हातात देतो. मी इतकी वर्षे सावरण्याचे काम मोठ्यांचेच मानत आलो होतो आणि आठवणीतला प्रसंगही मी तसाच वळवून घेतला होता. आठवण आणि चित्रपट जिथे जुळत नाहीत, तिथे आपल्याविषयीची सर्वांत खरी माहिती सापडते, म्हणून ती तफावत सविस्तर लिहावी.

चित्रपटाने हा परिणाम कसा साधला, याकडेही एकदा लक्ष द्यावे. सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा ‘१२ अँग्री मेन’ जवळजवळ पूर्णपणे एका खोलीत घडतो; खुनाच्या खटल्यातला आरोपी दोषी आहे की नाही हे तिथे ज्यूरीतले, म्हणजे निवाडा देण्यासाठी नेमलेले, बारा सामान्य नागरिक ठरवत असतात. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, मग त्या पातळीवर येतो आणि शेवटी त्याखाली उतरतो. भिंगेही अशी बदलत जातात की भिंती आणि छत माणसांच्या अंगावर येऊ लागतात. घाईने निवाडा करू नये हे तत्त्व आपल्याला पटले, ते नुसत्या युक्तिवादाने की त्या कोंडलेपणाने, हे समजून घेतले म्हणजे ते तत्त्व आपल्यात किती खोल रुजले आहे याचा अंदाज येतो.

या यादीत वाईट वळण लावणाऱ्या चित्रपटांनाही जागा द्यावी, आणि ती टाळण्याचा मोह मोठा असतो. नकार देणाऱ्या मुलीचा पिच्छा पुरवणे म्हणजे प्रेम, असे दाखवणारे कितीतरी चित्रपट आपण कोवळ्या वयात टाळ्या वाजवत पाहिले आहेत. त्यांतला कोणता आपल्या मनात किती काळ राहिला, हे स्पष्ट लिहिल्याशिवाय यादी प्रामाणिक होत नाही.

शेवटी लिहिताना प्रत्येक चित्रपटाला एक स्वतंत्र पान द्यावे. कथा दोन ओळींत आटपावी. तो पाहिला तेव्हाचे आपले वय, सोबत कोण होते, निर्णायक प्रसंग आणि त्यानंतर प्रत्यक्ष बदललेली एक कृती एवढे मात्र नेमकेपणाने लिहावे. खाली तारीख घालावी आणि पानाचा अर्धा भाग कोरा ठेवावा, कारण आठ-दहा वर्षांनी तोच चित्रपट पाहताना कदाचित आपण मुलाच्या नव्हे, बापाच्या जागी बसलेले असू आणि तेव्हा दिसलेले लिहायला तीच जागा लागेल.