मित्रांसोबत इटलीला निघालात? या चुका टाळा

सात जणांना एकाच वेळी भूक लागत नाही, हे आम्हाला रोममध्ये तिसऱ्या दिवशी कळलं. एकाचे फोटो संपत नव्हते, दोघांच्या पायांनी जवाब दिला होता आणि कुठे जेवायचं यावर एकमत होईपर्यंत पावणेतीन वाजले. तिथली बरीच हॉटेलं अडीचच्या सुमाराला चूल बंद करतात, ती पुन्हा पेटते साडेसातला. त्या दुपारी बागेतल्या बाकावर बसून आम्ही घरून नेलेली भाकरवडी संपवली. सगळ्यांनी सगळं मिळूनच करायचं हा हट्ट आम्ही तिथे सोडला. दुपारी दोन-तीन टोळ्या करा. रात्री एकत्र जेवायचं असेल तर टेबल आधी सांगून ठेवा. सात जण अचानक दारात उभे राहिले तर छोट्या त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खाणावळीत, जागा मिळणं अवघड.

बुकिंग मात्र एकानेच करावं, आणि पासपोर्ट समोर ठेवून. कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात, दारावर ओळखपत्र बघतात. ग्रुपवर सगळे ज्याला बंड्या म्हणतात, त्याचं पासपोर्टवरचं नाव कोणाला पाठ नसतं. मिलानमधलं ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र पाहायला छोट्या गटांना जेमतेम १५ मिनिटं मिळतात, ती तिकिटं फार आधी संपतात. फ्लॉरेन्समधलं उफिझी हे कलासंग्रहालय सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद.

आता रेल्वे. फ्लॉरेन्सहून पिसाला जाणारी साधी, म्हणजे ‘रेजिओनाले’ गाडी तासाभराची. तिचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही. चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते. आमच्यातल्या पाच जणांनी ते केलं, दोघं कॉफी आणायला गेले होते. गाडी सुटल्यावर लक्षात आलं. अशा वेळी तपासनीस येईपर्यंत गप्प बसू नका. तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहा आणि स्वतः उठून त्याला गाठा. आमच्या दोघांनी तसं केलं, डोळे वटारण्यावर निभावलं. तो आधी पोचला असता तर दंड माणशी झाला असता. वेगवान गाड्यांचं उलट आहे: शिक्का नाही, पण तिकीट त्याच गाडीचं, त्याच सीटचं. आणि फलकावर गावाचं नाव शोधू नका, तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. गाडीचा नंबर जुळवा. व्हेनिसला जाताना मेस्त्रेला उतरलात तर ते अलीकडचं, जमिनीवरचं स्टेशन. कालव्यांपाशी जायचं तर सांता लुचिया. शिवाय व्हेनिसमध्ये बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपली बॅग आपणच उचलता येईल एवढीच आणावी.

हॉटेलच्या बिलावरून आमच्याकडे एकदा अबोला झाला होता. बऱ्याच ठिकाणी माणशी काही युरो ‘कोपेर्तो’ लागतो, तो बसायचा आकार आहे. ती फसवणूक नव्हे, त्यावर वाद घालू नका. वेटर सात वेगळी बिलं करून देईल ही आशाही सोडा. तिथे ‘आल्ला रोमाना’ म्हणजे एकूण रक्कम समान भागून देणं. आपलं टीटीएमएम वेगळं. मग नुसता मरिनारा पिझ्झा खाणाऱ्याने मासे आणि वाइनचे पैसे का भरावेत? रोजचा खर्च ॲपमध्ये लिहा, रात्रीच. शाकाहाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, विरजतात. मरिनारात चीजच नसतं, म्हणून तो बिनधोक.

टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या आसपासच्या प्रांतात, गाडी भाड्याने घ्यायचा मोह होतोच. नऊ आसनी व्हॅनमध्ये नऊ माणसं बसतात, नऊ बॅगा बसत नाहीत. इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि गिअरची गाडी चालवणारा कोण ते आधी ठरवा. ऑटोमॅटिक कमी मिळतात आणि महाग पडतात. पण खरा सापळा झेडटीएल, म्हणजे जुन्या शहरातला मर्यादित वाहतुकीचा भाग. तिथे फाटक नसतं, फक्त कॅमेरा असतो. पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं की रस्ता चालू आहे असं वाटतं. प्रत्यक्षात कॅमेरा चालू असतो. मॅप्सवर विसंबलात आणि तीन वेगळ्या दिवशी आत शिरलात तर दंड तीनदा. मुक्काम आतच असेल तर हॉटेलला गाडीचा नंबर नोंदवायला सांगा, नाहीतर गाडी वेशीबाहेर लावा.

हा दंड तिथल्या तिथे कळत नाही. गाडी भाड्याने देणारे आधी आपलं शुल्क ड्रायव्हरच्या कार्डावरून कापतात आणि मूळ नोटीस महिन्यांनी घरी येते. तेव्हा परत आल्यावर व्हॉट्सॲप ग्रुप लगेच मोडू नका, वर्गणी काढावी लागेल.