ओपनसीपीएनमध्ये सफर रेकॉर्ड करून पुन्हा कशी चालवावी

ओपनसीपीएन हे संगणकावर सागरी चार्ट आणि त्यावर आपली बोट दाखवणारं सॉफ्टवेअर. ते बसवलेलं आहे, चार्ट भरलेले आहेत आणि जीपीएस जोडल्यावर बोट पडद्यावर योग्य जागी दिसते, एवढं गृहीत धरलं आहे.

‘ट्रॅक जीपीएक्समध्ये सेव्ह करा, काम झालं’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो अर्धवट आहे. ट्रॅक म्हणजे बोट गेलेली वाट, जीपीएक्स हा ती साठवायचा फाइलचा प्रकार. त्यात फक्त जागा आणि वेळ असते. वारा किती होता, खोली किती होती, समोरचं जहाज एआयएसवर (जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) कधी दिसलं, यातलं काहीच त्यात सापडत नाही. त्यासाठी उपकरणांकडून आलेल्या एनएमईएच्या (बोटीवरची उपकरणं एकमेकांना माहिती पाठवतात त्या ठरावीक पद्धतीच्या) ओळी जशाच्या तशा साठवाव्या लागतात, आणि ते काम व्हीडीआर प्लगइन करतं. मोठ्या जहाजांवर सोलासच्या (सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियमांनुसार सक्तीचा असलेला व्हीडीआर, म्हणजे सफरीची नोंद ठेवणारं यंत्र, वेगळा. अपघाताच्या चौकशीत ही फाइल त्याची जागा घेऊ शकत नाही.

ऑप्शन्समधल्या प्लगइन्सच्या यादीतून व्हीडीआर बसवा आणि चालू करा. टूलबारवर रेकॉर्ड आणि प्ले ही बटणं येतील. रेकॉर्ड दाबा, फाइलला तारखेसह नाव द्या आणि निघा. निघण्याआधी कनेक्शनवर इनपुट फिल्टर (काही ओळी आत येऊ न देणारी सेटिंग) लावलेला नाही ना, तेवढं पाहा. जागेची चिंता नको: ४८०० बॉडची (बॉड म्हणजे माहिती वाहण्याच्या वेगाचं माप) लाइन पूर्ण भरून वाहिली तरी तासाला पावणेदोन एमबीच्या आसपास होतात. एआयएसची ३८४०० बॉडची लाइन गर्दीच्या बंदरातही १४ एमबीच्या पुढे जात नाही. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग मात्र करून ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये तासाभराचं भोक पडतं ते बहुधा यामुळेच.

खरी अडचण प्ले दाबल्यावर सुरू होते. फाइलमधल्या ओळी आणि जोडलेल्या जीपीएसच्या ओळी दोन्ही एकाच वेळी आत येतात. बोट धक्क्यावर बांधलेली, रेकॉर्डिंग मात्र खुल्या समुद्रातलं. मग पडद्यावरची बोट दोन ठिकाणांमध्ये उड्या मारते, नाहीतर जागची हलतच नाही. यावर ‘प्रायॉरिटी बदला’, म्हणजे कोणत्या स्रोताची माहिती आधी धरायची ते बदला, असं सांगितलं जातं. त्या वाटेला जाऊ नका. नव्या आवृत्त्यांमध्ये जागा, वेग, हेडिंग (बोटीचं तोंड असलेली दिशा) यांची प्रायॉरिटी वेगवेगळी ठरते. जागा फाइलमधून येते आणि हेडिंग समोरच्या जिवंत कंपासवरून. बोट बरोबर मार्गावर सरकते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) मात्र भलतीकडे. हा घोळ पहिल्यापेक्षा वाईट, कारण तो चटकन लक्षात येत नाही. ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स उघडा आणि प्रत्येक जिवंत कनेक्शनची खूण काढा. सगळी. एआयएसचीसुद्धा.

त्याच यादीत बाहेर जाणारी कनेक्शन्सही असतात, ती जास्त धोक्याची. रूट सक्रिय असेल तर ओपनसीपीएन स्वतः एपीबी आणि आरएमबी या मार्ग धरायला सांगणाऱ्या ओळी तयार करून ऑटोपायलटला पाठवतं. रेकॉर्डिंग प्ले होत असताना ते गणित कालच्या जागेवरून होतं आणि ऑटोपायलट आजची बोट त्यावर वळवतो. बोट चालू असताना, ऑटोपायलट जोडलेला असताना प्ले दाबूच नका. ‘एक मिनिट फक्त पाहतो’ म्हणूनही नाही. सगळ्यात बरं म्हणजे फाइल वेगळ्या लॅपटॉपवर नेऊन किनाऱ्यावर बसून पाहावी.

ट्रॅक रेकॉर्डिंगही बंद करा. नाहीतर कालचीच सफर आजच्या तारखेने ट्रॅकच्या यादीत जाऊन बसते आणि नंतर खरी कोणती ते ओळखता येत नाही.

आता वेग. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ कधी आली याची स्वतंत्र नोंद नसते. वेळ फक्त जागा किंवा वेळ सांगणाऱ्या आरएमसी, जीजीए, झेडडीए अशा ओळींच्या पोटात असते. जुनं प्लगइन ठरावीक अंतराने एकेक ओळ सोडत जातं. त्यामुळे एआयएसच्या गर्दीत बोट मंदावते आणि मोकळ्या समुद्रात सुसाट पळते. प्लगइनच्या पसंतींमध्ये सीएसव्हीचा (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलचा) पर्याय असेल तर रेकॉर्ड करण्याआधी तोच निवडा. त्यात प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का मिळतो. वेग वाढवून पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: एआयएसचं लक्ष्य हरवलं असं ठरवणारं घड्याळ संगणकाचं असतं. आठ मिनिटांची मर्यादा दहापट वेगाने सफरीची ऐंशी मिनिटं होते, आणि कधीच निघून गेलेली जहाजं पडद्यावर रेंगाळतात.

एखादा प्रसंग शोधताना लक्षात घ्या की ओळींमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा, पहाटे ५.३० पर्यंत फाइलमध्ये आदल्या दिवसाचीच तारीख दिसेल. आरएमसीमधलं १८५५.२ म्हणजे १८ अंश ५५.२ मिनिटं, ते दशांश अंश समजून दुसऱ्या नकाशावर टाकलं की जागा चुकलीच.

फाइल मोठी वाटली तर आधी प्रत काढा आणि मग टेक्स्ट एडिटरमध्ये पूर्ण ओळींवरच कापा. सीएसव्ही असेल तर शीर्षकाची पहिली ओळ राहू द्या. ओळीच्या आतला एक आकडा जरी बदलला तरी शेवटी * या चिन्हानंतर असलेला चेकसम (ओळ बरोबर आली का ते पडताळणारा आकडा) जुळत नाही आणि तपासणी चालू असेल तर ती ओळ फेकली जाते.