सूत्राला गाडी थांबलेली कळत नाही

अकरावीला मी दिंडोरीहून रोज एसटीने नाशिकला यायचो. पहिल्या चाचणीत सरळ रेषेतल्या गतीवर पाच गणितं होती. तिन्ही समीकरणं तोंडपाठ होती, तरी बरोबर आलं एकच. आता सिडकोत अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, आणि दरवर्षी तशीच एखादी वही समोर येते. समीकरण योग्य, आकडे टाकलेले, उत्तर चुकलेलं. ती वही ज्यांची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मराठी माध्यमातून आलेल्यांना आधी भाषेची धास्ती असते. नववीतलं त्वरण इथे ॲक्सिलरेशन होतं, विस्थापन डिस्प्लेसमेंट होतं. ते काही दिवसांत अंगवळणी पडतं. अडवतात ते बारके शब्द, कारण त्यांच्यात आकडे दडलेले असतात. 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' म्हणजे यू, सुरुवातीचा वेग, शून्य; 'कम्स टू रेस्ट' म्हणजे व्ही, शेवटचा वेग, शून्य. वाचतानाच त्यांना पेन्सिलीने गोल करा. मग यू, व्ही, ए (त्वरण), एस (विस्थापन), टी (वेळ) ही पाच अक्षरं एकाखाली एक लिहा. तीन दिलेली असतात, एक विचारलेलं असतं. उरलेलं पाचवं, ज्याचा गणितात उल्लेखच नाही, ते समीकरण ठरवतं. वेळेचा पत्ता नसेल तर टी नसलेलं समीकरण घ्यायचं: व्ही वर्ग = यू वर्ग + २ एएस.

आता ज्या गणितावर माझे सगळ्यात जास्त मार्क गेले ते सांगतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बसला ब्रेक लागले, वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने कमी होतोय, तर ६ सेकंदांत बस किती अंतर जाईल? ५४ ला ५/१८ ने गुणलं की १५ मीटर प्रति सेकंद. एस = यूटी + अर्धा एटी वर्ग, म्हणजे ९० वजा ५४, उत्तर ३६ मीटर. पर्यायांत ३६ असतंच, आपण खूण करून पुढे जातो.

पण बस थांबायला लागतात १५ भागिले ३, म्हणजे ५ सेकंद. त्यात ती ३७.५ मीटर जाते आणि सहाव्या सेकंदाला जागेवर उभी असते. समीकरणाला मात्र हे ठाऊक नाही. त्याच्या हिशेबात सहाव्या सेकंदात बस दीड मीटर मागे आलेली असते! एके दिवशी जुन्या सीबीएसला बस स्टँडात शिरून थांबली तेव्हा मला हे उमगलं. ब्रेक लावून थांबलेली बस उलटी धावत नाही, कारण घर्षण गतीला विरोध करतं. गतीच संपली की ते मागे ओढत नाही आणि त्वरणही शून्य होतं. समीकरणं त्वरण स्थिर आहे तोवरच खरी. वर फेकलेल्या चेंडूचं तसं नाही. शिखरावर त्याचा वेग क्षणभर शून्य होतो, पण गुरुत्वाकर्षण चालूच असतं, म्हणून तिथे तेच समीकरण पुढेही चालतं. ब्रेकचं गणित दिसलं की पहिलं काम थांबण्याचा वेळ काढणं. बाकी सगळं नंतर.

चिन्हांचा गोंधळ एका बाणाने मिटतो. वहीत रेघ ओढा, सुरुवातीचा बिंदू दाखवा, धन दिशेचा बाण काढा, आणि गणित संपेपर्यंत तो बदलू नका. 'जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) नेहमी ऋण' असं पाठ करू नका. खालची दिशा धन धरली तर तोच जी धन होतो.

याचा कस लागतो फुग्याच्या गणितात. सेकंदाला १० मीटर वेगाने वर जाणारा फुगा ४० मीटर उंचीवर असताना त्यातून दगड सुटला, तर जमिनीवर यायला किती वेळ? 'ड्रॉप्ड' वाचून मुलं यू शून्य घेतात. दगड सुटला तेव्हा तो फुग्याबरोबर वरच चालला होता, म्हणून वरची दिशा धन धरून यू = १०, एस = वजा ४०, आणि जी १० घेतला तर ए = वजा १०. टीची दोन उत्तरं येतात, ४ आणि वजा २. उत्तर ४ सेकंद. वजा २ खोडण्याआधी मात्र त्याच्याकडे जरा बघा. हाच दगड २ सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगाने वर फेकला असता, तर बरोबर याच क्षणी ४० मीटरवर १० च्या वेगाने जात असता. मला हे कळलं त्या संध्याकाळी मी परतीच्या बसमध्ये तीनदा पडताळून पाहिलं होतं.

दोन टप्प्यांच्या गणितात आलेख काढा. गाडी स्थिरावस्थेतून ०.५ त्वरणाने ४० सेकंद धावली, मग १ ने मंदावत थांबली. वेग-काळाचा त्रिकोण काढला तर पाया ६० सेकंद, उंची २०, क्षेत्रफळ ६००. तेच मीटरमधलं अंतर.

एक प्रयोग जरूर करा. वायरिंगची सहा फुटी प्लॅस्टिकची पट्टी घ्या आणि एक टोक चार बोटं उचलून ठेवा. वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर आडवा बारीक दोरा चिकटवा. हे १, ४, ९, १६ चं प्रमाण गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून तपासलं होतं आणि १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. आता वरून गोटी सोडा आणि डोळे मिटून ऐका. दोऱ्यांमधलं अंतर वाढत जातं, पण टक, टक, टक, टक असा आवाज सारख्याच वेळाने येतो.