सोलापुरात बसून पेट्रोलियमचा प्रोजेक्ट करायचाय? लॅब आणि कंपनी अशी गाठा

सोलापूर बेसॉल्टवर बसलंय, इथं तेलाची विहीर नाही, म्हणून केमिकल-मेकॅनिकलची पोरं हा विषयच सोडून देतात आणि मला हे लई खटकतं, कारण निम्मं काम आपल्याच कॉलेजात होतं.

आधी प्रश्न छोटा करा. समजा, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं स्टार्च ड्रिलिंग मडमध्ये (विहीर खोदताना आत फिरवतात तो चिखलासारखा द्रव) चालेल का? मडमधलं पाणी खडकात झिरपू नये म्हणून मका-बटाट्याचं स्टार्च वापरतातच, मग ज्वारीचं का नको. 350 मिलि पाण्यात 22.5 ग्रॅम बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती), ही लॅबमधली नेहमीची रेसिपी, यातला एक ग्रॅम म्हणजे फील्डवर बॅरलला एक पौंड. ढवळून रात्रभर फुगू द्या. मार्श फनेलला (मड किती घट्ट आहे ते वाहायच्या वेळेवरून दाखवणारं नरसाळं) मात्र 1500 मिलि मड लागतं, तेवढं जास्त बनवा. आधी नुसतं पाणी सोडून बघा, एक क्वार्ट (946 मिलि) पडायला 26 सेकंद लागले पाहिजेत, नाहीतर फनेलच चुकीचं. मग साधा फिल्टर प्रेस (दाब देऊन मडमधलं पाणी गाळायचं यंत्र), 100 पीएसआय दाब, 30 मिनिटं, किती पाणी गळलं ते लिहून ठेवा. स्टार्च आंबतं, त्यामुळं बायोसाइड (जंतू मारणारं रसायन) घातलंय की नाही तेही नोंदवा.

आता तापमान वाढवायचं म्हटलं की एचपीएचटी (जास्त दाब, जास्त तापमानाचा) फिल्टर प्रेस लागतो, तो बाहेर शोधा. पुण्यात एमआयटीत पेट्रोलियम शिकवतात, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जाता येतं, शिवाय धनबादची आयआयटी आयएसएम आणि गांधीनगरची पीडीईयू (ऊर्जा विद्यापीठ) आहेच. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), एक्सआरडी (एक्स-रेनं खनिजं ओळखणारं) यांसारखी मशिनं कुठं आहेत ते केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर दिसतं. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या संस्था कामाप्रमाणं वेगळ्या आहेत: ड्रिलिंग डेहराडूनला, प्रॉडक्शन पनवेलला, रिझर्व्हायर (जमिनीखालचा तेलसाठा) अहमदाबादला. मडचा प्रश्न अहमदाबादला पाठवला तर उत्तर कशाला येईल?

मेलमध्ये "कोलॅबोरेशन करायचंय" एवढंच लिहू नका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. असं लिहा: "ज्वारीच्या स्टार्चचं साध्या तापमानाचं रीडिंग सोबत जोडलंय, 120 डिग्रीला चार सॅम्पल चालवायचेत, चार्ज किती, सॅम्पल किती लागेल?" स्टार्च साधारण त्याच तापमानाला तुटायला लागतं, म्हणून 120 का हे त्यांना लगेच कळतं. पत्र एचओडींच्या सहीनं, कॉलेजच्या लेटरहेडवरच जाऊ द्या.

कंपनी तयार झाली की सॅम्पल द्यायच्या आधी करार करा, तोंडी नको. रिझल्ट कुणाचे, पेपर छापायला परवानगी किती दिवसांत मिळणार, आणि थीसिस सबमिट करायची तारीख, हे तिन्ही त्यात लिहूनच घ्या, कारण कंपनीनं डेटा अडवला तर पोराचं अख्खं वर्ष जातं.