किनाऱ्यावरच्या होड्या इंप्रेशनिस्ट पद्धतीने कशा रंगवायच्या

बहुतेक जण काय करतात, आधी पेन्सिलने होडीची आउटलाइन, मग फळ्या, दोऱ्या, डोलकाठी, आणि तोवर ऊन सरकलेलं असतं नाहीतर होडीच पाण्यात गेलेली असते. चित्रकार व्हॅन गॉगला १८८८ मध्ये फ्रान्समधल्या सेंत-मारी या किनाऱ्यावरच्या गावात हीच अडचण आली, कोळी पहाटेच निघून जायचे, म्हणून त्याने किनाऱ्यावर फक्त भराभर ड्रॉइंग केलं आणि रंगवलं नंतर घरी.

तर इंप्रेशनिस्ट पद्धतीत, म्हणजे बारकावे सोडून त्या क्षणाचा उजेड भराभर पकडण्यात, आधी होडी नाही, आधी उजेड. डोळे बारीक करून बघा आणि तीनच टोन (म्हणजे किती उजळ, किती गडद) पकडा, आकाश-पाणी, वाळू, होड्या. मोठ्या चपट्या ब्रशने पहिल्या पंधरा मिनिटांत अख्खा कॅनव्हास झाकून टाका. काळी ट्यूब उघडूच नका, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, निळा जास्त घातला की गार सावली, सिएना जास्त घातला की भिजलेलं लाकूड.

पहाटेची चमक पांढरा थापून येत नाही हो. इंप्रेशनिस्ट चित्रकार मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तो केशरी सूर्य जवळजवळ गायब होतो, कारण त्याचा टोन मागच्या आकाशाइतकाच आहे, फक्त रंग वेगळा. म्हणजे करड्या निळ्याशेजारी केशरीचा एक जाड फटका द्यायचा आणि परत त्याला हात लावायचा नाही.

जाळं धाग्याधाग्याने काढू नका. ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि आडवा धरून हलकेच ओढा, कॅनव्हासचे दाणे तेवढे रंग धरतात, त्यातूनच जाळं दिसायला लागतं.

जाळं ओढणारी माणसं मला सगळ्यात आवडतात. सहा जण असतील तर सहा आकृत्या नाही, सगळ्यांचा मिळून एकच तिरका गडद आकार टाका, मग वर डोक्यांचे छोटे ठिपके द्या (डोकं मोठं झालं की माणूस लहान पोरासारखा दिसतो), वाकलेल्या पाठींवर उन्हाची एकेक रेघ, पाय वाळूत विरघळू द्या. ओढ सगळी त्या तिरकेपणात असते, चेहऱ्यांची गरजच नाही.

शेवटी ओली वाळू. प्रतिबिंब उभ्या फटक्यांनी खाली ओढा, गडद होडीचं थोडं फिकं, पांढऱ्या शिडाचं थोडं मळकट, आणि रंग ओला असतानाच त्यावरून कोरडा ब्रश एकदाच आडवा फिरवा.