मागचे शॉकअप बदलायचेत? आधी टेप काढा, मग दुकानात जा

शॉकअप गेला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, "भाऊ, जाड स्प्रिंगवाले टाकून दे, टेन्शनच नाही." त्यामुळे चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कुठंही जा, दुसऱ्याच मोठ्या गाडीचे शॉकअप मारलेल्या १०० सीसी गाड्या दिसतातच, मागून उंच झालेल्या, साईड स्टँडवर पार आडव्या व्हायला आलेल्या, आणि एकटा माणूस बसून खड्ड्यात गेला की तो सीटवरून उडतोय. स्प्रिंग जाड का बारीक हा प्रश्नच नाहीये. ती तुमच्या वजनाला बरोबर आहे का हा प्रश्न आहे, आणि ते घरी साध्या टेपने मोजता येतं.

पण आधी शॉकअपच गेलाय का ते बघा. मागच्या टायरची हवा, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, चाकाचे बेरिंग, हे तपासायच्या आधी पैसे घालवू नका. हवा जास्त असली तरी गाडी दगडासारखी लागते. मग गाडी स्टँडवरून उतरवून सीटवर जोरात दाबा आणि सोडा: वर येऊन एकदाच स्थिर झाली तर ठीक, दोन-तीनदा वरखाली झुलली तर आतलं तेलाचं काम संपलं. रॉडवर तेल आणि धुळीचा काळा चिखल दिसला तर पुसा, दोन-चार दिवस चालवा, परत आला म्हंजे सील गेलं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने शेतात गाडी नेणाऱ्यांचं हे लवकर होतं, चिखल रॉडवर वाळतो आणि सीलला घासत राहतो, म्हणून गाडी धुताना रॉडवर पाणी मारायचं विसरू नका.

आता मोजणी. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक पूर्ण लटकलेलं. एक्सलपासून सरळ वर, बॉडीवर एक खूण करा आणि अंतर घ्या. मग गाडी चाकांवर उभी करा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा, एकदा दाबून सोडा, परत मोजा: जेवढं कमी झालं तेवढी गाडी स्वतःच्या वजनाने बसते. मग तुम्ही बसा, नेहमीच्या कपड्यात, दोन्ही पाय वर घेऊन, आणि तिसऱ्याने मोजावं. साध्या गाडीत मागचं चाक वरखाली १०० मिमीच्या आसपास हलतं असं धरलं तर माणूस बसल्यावर ३० ते ३५ मिमी खाली जायला पाहिजे, आणि नुसती गाडी १० मिमीच्या आसपास.

इथं एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. शॉकअपच्या खाली तो खटक्यांचा कप असतो ना, हुक पान्याने फिरवायचा, तो पाचव्या खटक्यावर नेला म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, गाडी उंच बसते. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. म्हणून मापं अशी वाचा: खटके वाढवून माणसासकट ३० मिमी जमलं, पण नुसती गाडी अजिबात बसत नाही, एकदम टाईट उभी राहते, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती ओढूनताणून चालवताय. आणि माणसासकट ३० जमलं पण नुसती गाडीच २० बसते, तर स्प्रिंग जास्त कडक आहे. दुकानदार बहुतेक उलटं सांगेल, सांगू द्या.

किती कडक हवी ते कळायला आणखी एक जुगाड. डीएपीची ५० किलोची गोणी घ्या (युरियाची नको, ती ४५ ची असते), बरोबर मागच्या एक्सलच्या वर येईल अशी ठेवा, दाबून सोडा आणि गाडी किती आणखी बसली ते बघा. समजा २० मिमी बसली, म्हंजे चाकाशी दोन्ही शॉकअप मिळून मिमीला अडीच किलो. शॉकअप तिरके असतात म्हणून हा आकडा स्प्रिंगच्या छापील आकड्याशी जुळणार नाही, पण जुने आणि नवे एकाच गाडीवर तपासायला पुरेसा आहे.

आता दूधवाल्या आबांचं उदाहरण धरा. ४० लिटरचे दोन कॅन, दोन्ही बाजूंना, जवळपास सगळं वजन मागच्या चाकावर. दूधच ८२ किलोच्या आसपास होतं, कॅनचं वजन वेगळं. अडीच किलोच्या हिशोबाने ८२ किलोला ३३ मिमी आणखी खाली. आबा बसल्यावरचे आधीचे ३३ धरून १०० पैकी ६६ गेले, खड्ड्यासाठी ३४ उरले, मग धरणगाव रोडला शॉकअप तळाला आपटणारच. हीच स्प्रिंग २० टक्के कडक केली, म्हंजे मिमीला ३ किलो, तर तेच दूध २७ मिमीवर थांबतं आणि आबा स्वतःही थोडे कमी बसतात. एवढं पुरतं! रोज लोड असेल तर १५-२० टक्के, त्याच्या पुढे जायचं नाही. फक्त रविवारी डबल सीट मनुदेवीला जाणार असाल तर स्प्रिंग बदलूच नका, जाताना दोन खटके वाढवा, आल्यावर कमी करा. आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या वजनाच्या वर गेलात तर कुठलीही स्प्रिंग वाचवत नाही, चिमटा आणि रिमचे तार पण त्याच गाडीचे आहेत.

"थोडीच जाड आहे" म्हणून फसू नका. तारेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ७ मिमीच्या जागी ८ मिमीची तार, वेढे आणि व्यास तेच, तर स्प्रिंग जवळपास ७० टक्के कडक. एक मिमीत! म्हणून जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन जा, तार मोजा, वेढे मोजा. वेढे कमी असले तरी स्प्रिंग कडक होते, म्हणूनच काही जण वेढा कापून घेतात, ते करू नका, कापलेलं टोक सपाट बसत नाही आणि एका जागी जोर येतो. वेढ्यांत रबर अडकवायचं पण तसंच, जिथं रबर तिथले वेढे काम करायचे थांबतात, बाकीच्यांवर भार. गावापर्यंत पोचायला ठीक, कायमचं नाही.

आणखी एक, स्प्रिंग दाबली की ती उडी मारून परत येते, तिला आवरायचं काम तेलाचं. कडक स्प्रिंग जुन्या थकलेल्या शॉकअपवर टाकली तर ती जास्त जोरात परत येते आणि तेल आवरत नाही, कन्नड घाटाच्या वळणात मागचं चाक नाचायला लागतं. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही बदला, आणि जोडीनेच बदला, एक बाजू नवी एक जुनी असलं काही नको.

काही शॉकअपला गॅसचा डबा जोडलेला असतो, त्याबद्दल: नायट्रोजनच्या दाबामुळे तेलात फेस होत नाही, म्हणून उखडलेल्या रस्त्यावर सलग चालवलं तरी शॉकअप ढिला पडत नाही, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तेल आधीच पातळ झालेलं असतं त्यामुळे फायदा आहेच. पण स्वस्तातल्या काही शॉकअपवर तो डबा नुसता शोभेचा असतो, भो. त्यापेक्षा कंपनीच्या गाडीला माल देणारे, मुंजाल शोवा, एंड्युरन्स, गॅब्रिएल, यातलं तुमच्या मॉडेलचं घ्या, पक्क्या बिलावर.

शॉकअपची लांबी वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायची. लांब घेतला तर चेन चिमट्याला घासते आणि स्टँड पुरत नाही, आखूड घेतला तर टायर मडगार्डला लागतो. भोकाचा आतला व्यास आणि खाली गोल डोळा आहे का दोन पाकळ्यांची दुपाखी, हेही बघा. वॉशर घालून जमवायचं नाही. मोनोशॉकवाल्यांनी (मागे एकच शॉकअप) हे आकडे वापरू नका, तिथं लिव्हरेज, म्हंजे चाक किती हललं की शॉकअप किती दबतो ते प्रमाण, वेगळा असतो आणि स्प्रिंग मुळातच बरीच कडक असते, मोजायची पद्धत मात्र तीच.

बसवताना डबल स्टँडवर एका वेळी एकच बाजू काढा, दुसरी असली की चिमटा जागेवर राहतो. सायलेन्सर आड येत असेल तर ढिला करा. नट पूर्ण आवळायचे ते गाडी चाकांवर आल्यावर, नाहीतर रबराचे बुश पिळलेले राहतात. आठवडाभराने परत पाना लावून बघा, परत तिन्ही मापं घ्या, आणि मागची उंची बदलली असेल तर हेडलाईट पण सेट करून घ्या, मागून गाडी उचलली की उजेड पुढच्या चाकाजवळच पडतो.